नलोपाख्यान चिंतन : बेहड्याचं झाड आणि जिंकल्याचा स्क्रीनशॉट



काल आपण वनपर्वातल्या नळाच्या कथेत ऋतुपर्णाच्या रथापर्यंत आलो होतो. आज त्या रथाच्या पुढच्या एका छोट्या प्रसंगावर थांबायचं आहे. खरं तर आज दोन-तीन अध्याय वाचून व्हायला हवे होते, पण शनिवारी हरिपाठानंतर जे झालं त्यामुळे गाडी इथेच अडकली.

झालं असं. हरिपाठ संपला, चहा आला, आणि आपल्यातलाच एक जण, कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला, माझ्याजवळ येऊन बसला. मोबाईल पुढे केला. एक मुलगा नव्या गाडीच्या बॉनेटवर बसलाय, मागे गाणं, आणि मग एकामागून एक जिंकलेल्या रकमांचे स्क्रीनशॉट. खाली लिहिलेलं, दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे बसचे पैसे नव्हते. म्हणाला, "दादा, हे सगळेच खोटं बोलत असतील का? एवढे लोक?" मी काही बोलायच्या आत त्याने दुसरा प्रश्न टाकला. "आणि तुम्हीच रोज नळाची गोष्ट सांगताय. नळ राजासुद्धा शेवटी जिंकलाच ना? फाशांवरच जिंकला."

मला पटकन उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही याचं एक कारण असं, की मी स्वतः एकदा असा स्क्रीनशॉट टाकलेला आहे. ते सांगतोच पुढे. आधी रथ.

ऋतुपर्णाला विदर्भात एका दिवसात पोहोचायचंय. कुंडिनपुरात दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे अशी बातमी आलीय (ती बातमी दमयंतीनेच नळाला शोधण्यासाठी पेरलेली, ते कुंडिनपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर असं परंपरा मानते). सारथी आहे बाहुक, म्हणजे रूप पालटलेला नळ. रथ असा सुटलाय की राजाचं उपरणं खाली पडतं आणि तो "थांब" म्हणेपर्यंत ते योजनभर मागे राहिलेलं असतं. नळाच्या या कौशल्यावर राजा खूश होतो आणि आपलंही कौशल्य दाखवावं म्हणून रस्त्यातल्या एका बेहड्याच्या झाडाकडे बोट करतो. या झाडाची पडलेली पानं-फळं किती, फांद्यांवरची किती, सगळा आकडा तो एका नजरेत सांगून टाकतो.

आता बाहुक काय करतो बघा. तो "वा महाराज!" म्हणत नाही. रथ थांबवतो, खाली उतरतो आणि म्हणतो, मला हे दिसत नाही, मी मोजून बघणार. राजा घायकुतीला येतो. उशीर होईल, सूर्य मावळेल, चल आधी. बाहुक ऐकत नाही. घाई असेल तर दुसरा सारथी घेऊन पुढे जा म्हणतो. बायकोचं दुसरं लग्न होणार आहे असं त्याला वाटतंय, एकेक घटका मोलाची आहे, आणि हा माणूस झाडाखाली पानं मोजत बसतो. मोजून झाल्यावर आकडा बरोबर निघतो. त्यानंतरच तो विचारतो, महाराज, ही विद्या काय आहे? राजा त्याला अक्षहृदय देतो, फाशांचं आणि संख्येचं मर्म. ते मिळताच नळाच्या अंगात इतकी वर्षं मुक्कामाला असलेला कली बाहेर पडतो आणि त्याच बेहड्याच्या झाडात शिरतो.

ही कथा मी लहानपणापासून ऐकलीय, पण मोजणीच्या जागी मी कधी थांबलो नव्हतो. मला वाटायचं विद्या मिळाली म्हणून कली गेला. या वेळी वाचताना वाटलं, ज्या माणसाला एकदा फाशांनी खुळं केलं होतं, ज्याला तेव्हा प्रजेने, मंत्र्यांनी, दमयंतीने थांबवूनही थांबता आलं नव्हतं, तो इथे स्वतःहून रथ थांबवतो. कली जाण्याची सुरुवात तिथे झाली असावी. हे माझं मत, कुठल्या टीकेत वाचलेलं नाही.

आता माझी गोष्ट.

2022 ची आयपीएल. ऑफिसमध्ये सगळेच टीम लावायचे, मीही लावायचो. 49 रुपये, कधी चार टीम, कधी दहा. एका रात्री एका स्पर्धेत मी बराच वर आलो आणि 40,000 रुपये लागले. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. देवघरात जाऊन स्वामींपुढे डोकं टेकवलं आणि बाहेर येऊन आमच्या आजोळच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. खाली लिहिलं, "स्वामींची कृपा", आणि हात जोडल्याच्या तीन खुणा. वीस मिनिटांत अभिनंदनाचा पाऊस. मामांनी लिहिलं, "भक्ती फळाला आली."

त्या ग्रुपवर नाशिकचा माझा मावसभाऊ होता. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याने रात्री फोन केला. "दादा, कसं लावतोस रे टीम?" मी अर्धा तास शिकवलं. कॅप्टन कसा निवडायचा, पीच कसं बघायचं. जणू मला ते कळत होतं. माझा रेफरल कोडही दिला. त्याचे मला शंभर रुपये आले होते, ते आजही आठवतात.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. टीमवरून तो टेलिग्रामवरच्या टिप्सवर गेला, तिथून टॉसवर आणि षटकावर पैसे लावायच्या ॲपवर, तिथून पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपवर. दीड वर्षात 1,85,000 गेले. घरी कळलं तेव्हा मावशीच्या पाटल्या गहाण पडलेल्या होत्या.

मी नाशिकला गेलो. तो गच्चीवर बसला होता. मला वाटलं चिडेल, मी दिलेला कोड तोंडावर फेकेल. तो एवढंच म्हणाला, "तू खोटं थोडीच बोलला होतास दादा. तुला तर लागलंच होतं." खाली आलो तर मावशीने ताट वाढलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "बाळा, याचीच भक्ती कुठे कमी पडली रे? हा पण करायचा की पारायण."

तो घास आजही गिळला जात नाही.

पुण्याला परत येताना बसमध्ये मी बँकेचं ॲप उघडलं आणि दोन सीझनचे सगळे व्यवहार एकेक करून बेरजेला घेतले. आयुष्यात पहिल्यांदा. भरलेले पैसे 71,500. त्या 40,000 मधून कर कापून माझ्या हातात आले होते 28,000. इतर किरकोळ जिंकलेले 6,300. म्हणजे 34,300 आले आणि 71,500 गेले. ज्याच्यावर स्वामींची कृपा झाली म्हणून अख्ख्या आजोळाने हात जोडले, तो माणूस 37,200 रुपयांनी हरलेला होता. आणि हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं!

म्हणून शनिवारच्या आपल्या मित्राचा प्रश्न, "हे सगळेच खोटं बोलतात का", तो मला नीट मांडलेला वाटत नाही. काही जण सरळ खोटं बोलतात, त्यांचं सोपं आहे. पेमेंटचा बनावट स्क्रीन तयार करून देणारी ॲप मिळतात, वेबपेजवरचा आकडा दोन क्लिकमध्ये बदलता येतो, भाड्याच्या गाडीवर बसून फोटो काढता येतो. काही सट्टा ॲपांत तर कोड देणाऱ्याला मोबदला कशाचा मिळतो माहितीय? त्याच्या कोडवरून आलेला माणूस जेवढा हरेल त्यातला वाटा. म्हणजे जो तुम्हाला "मी जिंकलो, तूही ये" म्हणतोय त्याचं पोट तुमच्या हरण्यावर चालतं. अशा माणसाची साक्ष कोणी ऐकून घेईल का? पण हे झाले लबाड. लबाड ओळखायला फार अध्यात्म लागत नाही.

अवघड आहेत ते खरे बोलणारे. माझ्यासारखे.

टिप्सवाल्यांचा एक जुना खेळ सांगतो. समजा माझ्याकडे 6,400 जणांची यादी आहे. आजच्या सामन्यात मी 3,200 जणांना कळवतो की अमुक संघ जिंकेल, उरलेल्या 3,200 जणांना दुसरा. ज्यांना चुकीचं कळवलं ते सोडून द्यायचे. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. 1,600, 800, 400, 200, आणि सहाव्या सामन्यानंतर 100. हे 100 जण स्वतःच्या डोळ्यांनी सहापैकी सहा भाकितं खरी ठरलेली बघतात. आता त्यांना महिन्याचे 4,999 मागितले तर ते देतील की नाही? देतील, आणि मित्रांनाही सांगतील. शपथेवर सांगतील. त्यांच्या साक्षीत खोटं काहीच नाही. फक्त बाकीचे 6,300 कुठे गेले हे त्यांना दिसलेलं नाही.

आणि यात फसवणारा कोणी असायलाही लागत नाही. एक लाख माणसं नाणं उडवून दहा वेळा पैज लावतायत असं धरा. लागोपाठ दहाही पैजा जिंकणारे साधारण 98 जण निघतीलच, निव्वळ गणिताने. त्या 98 जणांना काय वाटेल? आपल्याला काहीतरी कळतंय. कोणी म्हणेल अभ्यास, कोणी म्हणेल सहावं इंद्रिय, आणि आमच्यासारखे म्हणतील कृपा. रील बनवतील ते हेच 98. जे तिसऱ्या पैजेला घरी गेले ते कशाला रील बनवतील?

आमचे आजोबा परळच्या चाळीत राहायचे. गिरणी कामगार. मटक्याचा तो भर होता. सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर मुंबईत पैजा लागायच्या, 1960 च्या दशकात त्याचं आकडे काढण्यात रूपांतर झालं आणि मग ओपन-क्लोज हे शब्द गिरणगावातल्या पोरासोरांनाही कळायला लागले. आजोबा स्वतः कधी खेळले नाहीत. आई सांगते, एकदा तिने त्यांना विचारलं होतं, "आप्पा, सगळ्यांना लागतो मग तुम्ही का नाही लावत?" ते म्हणाले, "कुणाला लागला ते चाळीला कळतं, तो पेढे वाटतो. नाही लागला तो काय वाटणार?" मोबाईल नव्हता, पण पेढ्यांचा पुडा होता. गोव्याला जाऊन मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावरून रंगीत चिप्सचे फोटो टाकणारे माझे मित्र आहेत. सकाळी जेटीवर उतरतानाचा फोटो अजून एकाचाही पाहिला नाही.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू, कारण मला इथे एक फार मोठी गोष्ट दिसते.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त आहे, अक्षसूक्त. जुगाराविषयीचं इतकं जुनं बोलणं जगात फारच थोडं असेल. आणि त्यात बोलतोय कोण? हरलेला जुगारी. बायको दुरावली, सासू तोंड बघत नाही, मागायला गेलं तर कोणी देत नाही, आता नाही खेळणार म्हणतो आणि फासे पटावर पडल्याचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात. हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. ज्या ऋषींनी काय जपायचं आणि काय नाही हे ठरवलं, त्यांनी हजारो वर्षं पाठ करून ठेवायला जिंकलेल्याची गोष्ट निवडली नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. त्या काळी जिंकणारे नसतील असं थोडंच आहे! भारतातही तेच. द्यूतपर्वात जिंकलेला शकुनी आपली कहाणी सांगत बसत नाही, आपल्याला ऐकू येते ती सभेत उभ्या असलेल्या द्रौपदीची. आज आपल्या हातातला स्क्रीन याच्या अगदी उलट चाळणी लावतो. हरलेला गाळून टाकतो.

"पण नळ जिंकला ना?" हो, जिंकला. पुढचा भाग आधीच सांगावा लागतोय, क्षमस्व. नळ निषधाला परत जातो, पुष्कराला पुन्हा खेळायला बोलावतो आणि एकाच डावात सगळं परत मिळवतो. पण जिंकल्यावर तो पुष्कराला जे बोलतो ते फार कमी जण सांगतात. त्याचा आशय असा की मागे मला हरवलं ते तू नव्हेस, ते कलीचं काम होतं, आणि तुला मूर्खाला हे कळलेलंही नाही.

मागे जाऊन आठवा. पहिल्या डावाआधी कली पुष्कराकडे आला होता. नळाशी खेळ, मी तुझ्या पाठीशी आहे, तू जिंकशील, राज्य तुझं होईल, असं सांगून त्याने त्याला उठवलं होतं. पुष्कर खरोखर जिंकला. राज्य मिळालं. कोणी त्याला विचारलं असतं तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं असतं, मी खेळलो आणि जिंकलो. आणि तरी आपण कशाने जिंकलो हे त्याला ठाऊक नव्हतं. आपला डाव कोण खेळतंय, कशासाठी खेळतंय, काही नाही. कलीला पुष्कराशी देणंघेणं नव्हतं, त्याला नळाला बुडवायचं होतं. आज ज्याला ॲपने पहिल्या आठवड्यात भरपूर बोनस दिला, त्याचा फोटो मिरवला, त्याला मी पुष्कर म्हणतो. त्याला शिव्या द्यायच्या नाहीत. त्यालाही माहीत नाही.

आणि नळाचा शेवटचा विजय? तो कोणत्या जुगाऱ्याचा विजय होता सांगा. ज्याने रथ थांबवून मोजलं त्याचा. संख्येचं मर्म हाती आल्यावर नशिबावर काही उरलेलंच नव्हतं. शिवाय तो जिंकून थांबला, पुष्कराला त्याचा वाटा देऊन सन्मानाने घरी पाठवला, आणि अक्षहृदय शिकवण्याचा वर्ग उघडला नाही. ही सगळी कथा बृहदश्व ऋषी वनात युधिष्ठिराला सांगतात आणि शेवटी तेच अक्षहृदय त्यालाही देतात, पुन्हा कोणी डावाला बोलावेल ही त्याची भीती जावी म्हणून. आता युधिष्ठिराकडे खरीखुरी विद्या आहे. शकुनीला बोलावून राज्य परत जिंकायला काय हरकत होती? पण राज्यासाठी तो पुन्हा कधीच पटावर बसला नाही. उरलेला वनवास भोगला, अज्ञातवास भोगला. मग मला सांगा, ज्याला खरंच उद्याचा सामना कळतो तो महिन्याला 499 रुपयांत ते का विकेल?

दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगताना छळणाऱ्यांमध्ये मी द्यूत आहे असं म्हणतात, छत्तिसाव्या श्लोकात. आमच्या ग्रुपवरच्या एकाने मला हे ऐकवलं होतं, "बघ, देवानेच मान्यता दिलीय!" वाक्य नीट बघावं. तिथे देव जुगाराला कसल्या रांगेत बसवतो? छळ-कपट करणाऱ्यांच्या. तेज तेजस्व्यांचं, आणि द्यूत कपट्यांचं. ज्याची ओळखच कपटातलं श्रेष्ठ अशी करून दिलीय, त्याने दिलेल्या स्वतःच्या प्रशस्तिपत्रकावर विश्वास ठेवायचा?

एक आक्षेप येईल. मग कोणत्याच अनुभवावर विश्वास ठेवायचा नाही का? संतांचे अनुभव तरी मग काय? हा आक्षेप मला खरंच टोचतो, कारण माझं रोजचं लिखाणच अनुभवांवर चालतं. मला एवढंच दिसतं की संत आपल्या कथेत पडझड लपवत नाहीत. तुकोबांनी दिवाळं निघाल्याचं सांगितलंय, दुष्काळात बायको अन्नावाचून गेल्याचं सांगितलंय, लोकांनी केलेली निंदा सांगितलीय. पूर्ण वही उघडी ठेवलीय. माझा स्क्रीनशॉट म्हणजे वहीतलं एक पान होतं, तेही कर कापायच्या आधीचं.

पूर्ण वही उघडली की काय दिसतं याचं एक उदाहरण आहे. फ्युचर्स-ऑप्शन्स हा कायद्याने जुगार नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे शेअरबाजारातले मित्र रागावणार नाहीत. पण नफ्याच्या स्क्रीनशॉटचा पूर तिथेही तसाच. तिथे फरक असा की प्रत्येक सौद्याची नोंद राहते. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांचा हिशोब मांडला. एक कोटीहून जास्त वैयक्तिक व्यवहार करणारे, त्यातले 93 टक्के तोट्यात, माणशी सरासरी सुमारे 2 लाख रुपये, एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून जास्त. हा आकडा बाहेर आला त्याच आठवड्यात माझ्या फोनवर मी नफ्याचे किती स्क्रीनशॉट पाहिले असतील! दोन्ही एकाच वेळी खरं होतं. एक फांदी दाखवत होती, दुसऱ्याने झाड मोजलं होतं.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याची जाहिरात करणाऱ्यालाही 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड त्यात आहे. चांगलं झालं. पण आजोळच्या ग्रुपवर पुतण्याने टाकलेला फोटो ही जाहिरात आहे का? मामांच्या "भक्ती फळाला आली"वर कुठलं कलम लावणार?

मला यात सगळ्यात जास्त सलतं ते "कृपा" लिहिणं. पैशाचा भाग एकवेळ सोडा. मी 40,000 च्या खाली स्वामींचं नाव लिहिलं तेव्हा मला वाटलं मी नम्र होतोय. प्रत्यक्षात मी एका ॲपच्या जाहिरातीवर स्वामींची सही घेतली होती. आणि नाशिकच्या त्या स्वयंपाकघरात त्या सहीचा अर्थ असा निघाला की माझ्यावर कृपा आहे, तिच्या मुलावर नाही. जो रोज पारायण करायचा त्याच्या आईला मी हे कळवलं होतं. द्रोणपर्वात युधिष्ठिर अश्वत्थामा मेला म्हणतो आणि हत्ती हा शब्द हळूच पुटपुटतो. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, त्या क्षणी तो खाली टेकला. त्याचा शब्द न् शब्द खरा होता. माझाही होता.

मागच्या एकादशीला मी आजोळच्या त्याच ग्रुपवर दुसरा स्क्रीनशॉट टाकला. बँकेचा. 71,500 गेले, 34,300 आले, खाली सही माझी एकट्याची. टाकायला तीन दिवस लागले, लिहायचो आणि खोडायचो. पहिल्या वेळेसारखा पाऊस पडला नाही. दोन जणांनी नुसते हात जोडले, मामांनी काहीच लिहिलं नाही. रात्री मात्र दोघांचे वेगवेगळे मेसेज आले, खासगीत, आपापल्या रकमांसकट. त्यातली एक रक्कम वाचून मी उठून पाणी प्यायलो. ज्यांनी पाठवलं ते आमच्या घरात सगळ्यात व्यवहारी समजले जातात.

मावशीचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तिला स्क्रीनशॉट कळला नव्हता, मावसभावाने वाचून दाखवला होता. म्हणाली, "म्हणजे तुला पण नव्हतंच लागलं?"

"नाही मावशी. गेलेच होते."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मग म्हणाली, "मला वाटलं होतं आमचंच काहीतरी चुकलं." आणि लगेच विचारलं, दिवाळीला येणार आहेस ना.

पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. मावसभाऊ आता एका दुकानात हिशोबाचं काम बघतो, हप्त्यातले चार हजार मी भरतो. तो म्हणतो गरज नाही दादा. मी त्याला रेफरलच्या शंभर रुपयांची आठवण करून देतो आणि आम्ही दोघंही हसतो, जरा जास्तच जोरात.

शनिवारच्या मित्रा, त्या गाडीवाल्या मुलाला माझ्याकडून एकच विचार, की पासबुकाचा फोटो टाकशील का, पहिल्या दिवसापासूनचा. उत्तर आलं तर मलाही दाखव.

उद्या बाहुकाचा रथ कुंडिनपुरात शिरतो आणि दमयंती त्याचा नुसता आवाज ऐकून चमकते, तिथून पुढे वाचू.

राम कृष्ण हरी.